तिसरा दगड

"पांढरा नको. मी काय आत्ताच हजहून आलोय?" म्हाताऱ्या लुवैतींनी डोक्याला बांधलेला मस्सर बोटांनी चाचपला आणि स्वतःच सोडला. "निळा बांध, गय्या. कंपनीची माणसं येतायत. त्यांच्या थोरल्यांनी मला निळ्यातच पाहिलंय."

"ज्यांनी पाहिलंय ते मेले, बाबा. आणि निळा काय, पांढरा काय, तुम्हाला कुठे दिसतंय?"

"मला नाही दिसत. लोकांना दिसतं ना!"

गय्याने निळा मस्सर काढून आणला. पदर नीट खोचला. म्हातारा लग्नाला निघाल्यासारखा खुशीत होता. मान ताठ, दाढी दोनदा विंचरून घेतलेली, काठी मांडीवर आडवी. डोळे जाऊन दहा वर्षं झाली, पण इतका हौशी तो डोळे होते तेव्हाही नव्हता. ही खुशी कुठून आली हे गय्याला ठाऊक होतं, आणि म्हणूनच गाठ मारताना तिचे हात जड झाले होते.

तेल शोधायला पहिल्या गाड्या या माळावर आल्या तेव्हा त्यांच्यापुढे उंटावर बसून वाट दाखवायला लुवैती होते. पुढे पाणी आहे असं त्यांनी म्हटलं की गोरे साहेब पिंपातल्या पाण्याने तोंड धुवायचे. तेव्हापासून हैमा गावाच्या अलीकडे-पलीकडे कुणाची चराऊ जमीन कुठवर, कुठली विहीर कुणाची, असा वाद निघाला की लोक म्हणायचे, लुवैतींना विचारा. कागद त्यांच्यानंतर आले. पण त्याच माणसाला एक जागा कधी सापडली नाही. सात वर्षांचे असताना, दुष्काळात, मुक्काम हलवताना त्यांची आई वाटेत तापाने गेली. बापाने तिला वाटेतच पुरलं, टोळी पुढे निघाली, आणि पुढल्या वर्षी बापही गेला. कुठे पुरलं हे सांगणारं कुणी उरलं नाही. तरुणपणी बरोबरीचे लोक त्यांना चिडवत, "हा सगळ्यांना वाट दाखवतो, आणि स्वतःची आई हरवून बसलाय." लुवैती हसत. घरी येऊन जेवत नसत.

आणि दोन वर्षांपूर्वी मुबारकने, त्यांच्या मुलाने, ती कबर शोधून दिली. खशमच्या कड्यावर.

गय्या उठली आणि शेळ्यांच्या गोठ्यामागे गेली. मुबारक तिथे टँकरच्या चाकाला टेकून उभा होता. सकाळचं धुकं नुकतंच विरलं होतं, टँकरच्या अंगावरून अजून पाणी निथळत होतं.

"इथे लपून काय उभा राहिलायस? पाहुणे यायची वेळ झाली."

"लपलो कुठे? चाकात हवा बघत होतो."

"हवाच बघ तू." गय्या त्याची बहीण, त्याच्याहून चार वर्षांनी मोठी, त्याला कडेवर घेऊन शेळ्या राखलेली. तिच्यापुढे मुबारकची दाढी पांढरी होऊनही तो लहानच होता. "आज कबरींवरून शपथेची गोष्ट निघणार, आणि निघाली की ती बाबाच घेणार. ऐकलंस ना? आत्ता आत जा आणि सांग."

"काय सांगू?"

"ते मला विचारतोस?"

मुबारकने चाकाला पायाने उगाच टोला मारला. "तुला कधी कळलं?"

"हिवाळ्यात शेळ्या घेऊन वर गेले होते. तो तिसरा दगड आहे ना तुझा, त्याची मातीत राहिलेली बाजू वर आहे आणि उन्हाने पांढरी पडलेली बाजू खाली. दगडसुद्धा धड लावता आला नाही तुला."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

या प्रश्नाला गय्याकडे उत्तर होतं, पण ते सांगण्यासारखं नव्हतं. त्या दिवशी ती खाली आली तेव्हा बाबा विचारत होते, "माझ्या आईला सलाम सांगितलास ना?" आणि ती "हो" म्हणाली होती. एकदा हो म्हटल्यावर मग रोजच हो म्हणावं लागतं. तिला आपलीच लाज वाटली, आणि लाज वाटली की तिला राग यायचा.

"साठ-सत्तर वर्षं ज्या माणसाने खोटी वाट दाखवली नाही," ती म्हणाली, "त्याच्या तोंडून तू अल्लाचं नाव घेऊन खोटं वदवणार."

"ते खोटं बोलत नाहीयेत. त्यांना खरं वाटतं तेच सांगतील. पाप लागलं तर मला लागेल."

"तुला एकट्याला? आणि मी काय वाळवंटातला ओंडका?"

दूरवर धूळ दिसली. कंपनीच्या दोन गाड्या आणि मागे चुलतभावाची, बखीतची जुनी गाडी. मुबारकने हात पुसले.

"आजचा दिवस जाऊ दे, गय्या. मग बघू."

"तुझं हे 'मग बघू' मी तू दूध सोडल्यापासून ऐकतेय," ती म्हणाली आणि कॉफीचं भांडं चुलीवर ठेवायला गेली.

*

आमच्याकडे पाहुणा आला की आधी खबर विचारतात, आणि पाहुण्याने खबर काही नाही, सगळं खैर, असं सांगायचं असतं. गावात आग लागलेली असली तरी पहिलं उत्तर हेच. तसं झालं. कंपनीचे मुहन्ना साहेब, मूळ निझवा शहरचे, कडक इस्त्रीची पायघोळ दिशदाशा सावरत गालिच्यावर बसले, त्यांनी विचारलं, काय खबर. लुवैती म्हणाले, खबर काही नाही, तुमची काय. साहेब म्हणाले, सगळं खैर. बखीतनेही तेच सांगितलं, आणि ते सांगताना त्याने मुबारककडे पाहिलं नाही. खजूर फिरले. कॉफी फिरली.

समहा कंपनीच्या बाजूला बसली होती. मुबारकची मुलगी ती, पण आज तिच्या गळ्यात कंपनीचं ओळखपत्र होतं, आणि समोर बाप बसला होता. घरच्याच तंबूत आपण पाहुणी म्हणून खजूर खातोय, याचंच तिला ओशाळल्यासारखं होत होतं. आजोबांनी आवाजावरून ओळखून "माझी साहेबीण कुठे बसलीय?" असं मोठ्याने विचारलं तेव्हा सगळे हसले. ती हसली नाही.

दोन वर्षांपूर्वी, नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात, ती या साहेबांबरोबर खशमवर गेली होती. वारा मोजायचा उंच खांब कुठे रोवायचा ते ठरवायचं होतं. साहेबांचे नकाशे म्हणत होते, कड्यावर. वाट दाखवायला वाटाड्याच्या घराण्यातला म्हणून बाप पुढे चालत होता. कड्यावर पोचल्यावर तो थांबला, हात छातीशी नेऊन म्हणाला, "इथे आमची माणसं आहेत." सहा कबरी होत्या. साहेबांनी लगेच चपला काढल्या. फोटो समहानेच काढले, आणि काढता काढता सहज विचारलं, "बाबा, सगळ्यांना दोनच दगड? बायका नाहीत का यात?" आमच्याकडे पुरुषाच्या कबरीला दोन दगड, बाईच्या तीन, पोरासोरांनाही ठाऊक असतं. बाप म्हणाला, "बायका पलीकडे." पलीकडे सरळ तुटलेला कडा होता.

तेव्हाच तिला कळायला हवं होतं. खरं म्हणजे तेव्हाच कळलं होतं. पण त्या सकाळी तिचा बाप कंपनीच्या माणसांसमोर किती रुबाबात चालत होता, आणि साहेब म्हणत होते, "तुझ्या घराण्यामुळे आमचं काम सोपं झालं." त्या रुबाबात ती गप्प बसली. खांब खाली खोलगटात रोवला गेला, जिथे वारा चुकूनही जात नाही; म्हणून तर आमचे लोक पिढ्यान्‌पिढ्या उन्हाळ्यात तंबू तिथे ठोकतात. महिन्याभराने ती घरी आली तेव्हा आजोबा तिच्या गळ्यात पडून रडले होते. "तुझ्या बापाने माझी आई शोधली गं."

"बाबा," मुहन्ना साहेब आता बोलायला लागले होते. आमच्याकडे म्हाताऱ्या माणसाला परक्यानेही बाबा म्हणायची रीत आहे, पण साहेब ते मनापासून म्हणत होते. "तुम्ही कंपनीची पहिली विहीर पाहिलीत. म्हणून तुमच्यापासून काही लपवत नाही. जमिनीतलं तेल वर ओढायला आम्ही रोज टँकरने डिझेल आणून जाळतो. भाकरी भाजायला घराचं दार जाळावं तसं झालंय हे. आता वरून सांगितलंय, धूर कमी करा. गेल्या साली ती मोठी ज्वाला विझवली, तो गॅस आता नळातून जातो."

"ती विझली हे मला कळलं," लुवैती म्हणाले. "रात्री त्या बाजूचा गाल गरम लागायचा. आता नाही लागत."

"आता जनरेटरची पाळी. पंप वाऱ्यावर आणि उन्हावर चालवायचे. ऊन आहेच, पण रात्री वारा हवा. आमचा खांब दोन वर्षं सांगतोय, खोलगटात वारा नाही. वारा आहे खशमवर. तिथे कबरी आहेत, तिथे आम्ही कुदळ लावणार नाही. मग पवनचक्क्या दुसऱ्या माळावर जातील."

"जाऊ देत," मुबारक म्हणाला. "आमचे टँकर आहेत. आम्ही आजवर कधी डिझेल कमी पडू दिलं?"

"टँकरचा आता प्रश्नच उरत नाही, मुबारक. डिझेलवर हे जुने पंप परवडत नाहीत. वारा मिळाला नाही तर वर्षअखेरीला इथले पंपच बंद होतील."

*

मुबारकला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. त्याने साहेबांच्या तोंडाकडे पाहिलं. साहेब खजुराची बी बशीत ठेवत होते.

ते दगड त्याने टँकरसाठी रचले होते. एका रात्रीत, एकट्याने. पवनचक्क्या आल्या की डिझेल जाणार, डिझेल गेलं की त्याचं कंत्राट जाणार, एवढं गणित त्याला येत होतं. खांब भलत्या जागी गेला की कंपनी म्हणेल, इथे वारा नाही, राहू दे जुनंच. कुणाचं काय नुकसान? कंपनी काही उपाशी मरत नव्हती. त्याला स्वतःच्या हुशारीचं कौतुकही वाटलं होतं, हे आता आठवून त्याच्या कानशिलांना चटका बसला.

पण ती हुशारी घरी पोचायला वेळ लागला नाही. कबरी सापडल्याचं म्हाताऱ्याच्या कानावर आलं. एका संध्याकाळी त्यांनी मुबारकला जवळ बोलावलं आणि लहान पोराने खाऊ मागावा तशा आवाजात विचारलं, "त्यात तीन दगडांची एखादी आहे का रे?"

नाही म्हणायचं होतं. एवढंच करायचं होतं. पण म्हाताऱ्याचा चेहरा समोर होता, आणि मुबारकच्या तोंडून निघून गेलं, "आहे, बाबा."

दुसऱ्या दिवशी त्याने तिसरा दगड लावला. त्या शुक्रवारी बापाला गाडीत घालून वर नेलं, हाताला धरून बसवलं, आणि आंधळा म्हातारा त्या दगडावर गाल ठेवून "आई, मी आलो" म्हणाला. मुबारक वाऱ्याकडे तोंड करून उभा राहिला होता. त्या दिवसापासून तो बापाच्या डाव्या बाजूला बसायला लागला, कारण म्हातारा उजव्या हाताने पाठीवरून हात फिरवतो.

आणि आता टँकर गेले होते. खोटं बोलून जे जे वाचवायचं होतं ते सगळं बुडालं, खोटं तेवढं उरलं. एका वाक्याने ते मोडता आलं असतं, वारा आला असता, पंप चालले असते. पण ते वाक्य बापाच्या समोर बोलायचं होतं. बापाला दुसऱ्यांदा आईवेगळा करायचं होतं, तेही कंपनीच्या माणसांसमोर, भावकीसमोर. मुबारक घोटभर कॉफी प्यायला.

"काका," बखीत म्हणाला. लुवैतींच्या धाकट्या भावाचा मुलगा तो. हडकुळा, तोंडाचा फटकळ, पण काकांसमोर आजवर कधी पाय पसरून बसला नव्हता. "तुमच्यासमोर आवाज चढवायचा नाही मला. पण माझी दोन पोरं त्या पंपांवर कामाला आहेत, म्हणून बोलतो. मिसरूड फुटलं तेव्हापासून खशमवर माझे उंट चरतात. तिथे कबरी नव्हत्या."

मुबारकने कॉफीचा पेला खाली ठेवला.

"तुझ्या उंटांनी विचारलं असेल कबरींना," मुबारक म्हणाला. "तू कुठे बघत होतास? तू तर झोपलेला असतोस."

"झोपलेला असतो, पण मोजता येतं मला. साहेब आले तेव्हा सगळ्यांना दोन-दोन दगड होते. आता एकीला तीन आहेत." बखीत वळला. "मेलेला पुरुष मेल्यावर बाई होतो काय रे, मुबारक?"

कंपनीच्या ड्रायव्हरला हसू आलं, ते त्याने खोकल्यात घालवलं. समहाने मान खाली घातली. बापाचे कान लाल झालेले तिला दिसत होते.

आणि लुवैती मोठ्याने हसले.

"अरे गाढवा, दगड पडला होता! मुबारकने मला सांगितलं ना. त्याने उचलून उभा केला. खशमवर दगड पडतात ते कशाने? वाऱ्याने! साहेब, तुम्ही वारा मोजायला दोन वर्षं खांब लावता, मला विचारायचं. ज्या वाऱ्याने कबरीचा दगड पाडला तो तुमची चक्की फिरवणार नाही?"

सगळे हसले. मुहन्ना साहेबही हसले. बखीत नाही.

"मग मुबारकने शपथ घ्यावी," तो म्हणाला. "त्याने दगड उचलला, त्यानेच सांगावं. आपण कबर उकरून तर बघणार नाही. माझं तोंड जळो, मी तसं म्हणणारही नाही. शब्दावर सोडतो. घे शपथ, मुबारक. मी तुझ्या कपाळाचं चुंबन घेऊन इथून जातो."

सगळ्यांचे डोळे मुबारककडे वळले. त्याला गय्या दिसली, बापामागे बसलेली, डोळे बुरख्याच्या फटीतून त्याच्यावर रोखलेले. मुलगी दिसली. मग तो जे बोलला ते रीतीला धरून होतं, आणि म्हणूनच सगळ्यात लाजिरवाणं होतं.

"बाप बसलेला असताना मुलाने शपथ घ्यायची? आमच्या घरात ही पद्धत नाही."

"बरोबर बोलला," लुवैती म्हणाले. "बखीत, तुझ्या बापाने तुला एवढंही शिकवलं नाही? शपथ मी घेतो. गय्या, पाणी आण."

*

गय्याने तांब्या आणला. बापाच्या हातावर पाणी घालताना तिला वाटलं, आता. आता बोलले तर अजून काही झालेलं नाही. कोपरापर्यंत हात धुऊन झाले. तोंड धुऊन झालं. पाणी अंगावर सांडलं तरी म्हातारा हसत होता.

"आत्ता काही बोलू नका, बाबा," ती त्यांच्या कानाशी म्हणाली. "दुपार होऊ दे. जेवण होऊ दे."

"का गं? भूक लागली तुला?"

"नाही, पण घाई कसली?"

"घाई नाही तर काय! पंच्याऐंशी वर्षांचा झालो." मग आवाज खाली आणून म्हणाले, "घाबरू नकोस. मला ठाऊक आहे ती तीच आहे. मी हात लावला ना. आई कळते माणसाला."

गय्याने तांब्या खाली ठेवला. आता बोलायचं म्हणजे याच्यानंतर बोलायचं. तिने समहाकडे पाहिलं. ती गालिच्याची नक्षी बघत होती. मुबारककडे पाहिलं, त्याने डोळे मिटले होते. तिघांपैकी प्रत्येक जण दुसऱ्याने बोलावं म्हणून वाट बघत होता. गय्याला एकदम किळस आली, आणि ती तिला दोघांची आली, आणि मग स्वतःचीही.

ती मागे सरकून बसली.

"मुहन्ना बाळा, ऐक," लुवैती म्हणाले. आता आवाजात गंमत नव्हती. "मी तुमच्या लोकांना वाट दाखवली तेव्हा कुणी माझी शपथ मागितली नाही. नुसतं लुवैती म्हणाला, की झालं. आज मागितली, माझ्याच भावाच्या पोराने. मी रागावलो नाही. त्याची पोरं आहेत, पोट आहे. पण नीट ऐका. तुमचा वारा तिथे आहे, हे मीही सांगतो. उन्हाळ्यात समुद्रावरचा कौस वारा आला की खशमवर माणूस उभा राहत नाही. माझ्या पोरांच्या भाकरीसाठी मी म्हटलं असतं, बांधा. पण तिथे माझी आई आहे. सात वर्षांचा होतो. तिने मला शेवटचं दूध पाजलं तेव्हा स्वतः प्याली नव्हती. तिच्या छातीवर लोखंडाचा खांब मी रोवू देणार नाही."

त्यांनी हात वर केला.

"वल्लाहि, बिल्लाहि, तल्लाहि. खशमवर माझी माणसं आहेत आणि तीन दगडांखाली माझी आई आहे. खोटं असेल तर मला वाट दिसू नये, इथेही आणि तिथेही."

शेवटचं वाक्य कुणी मागितलं नव्हतं. ते त्यांनी आपल्या मनाने घातलं. समहाच्या तोंडून आवाज निघाला, "आजोबा..." आणि तिथेच अडला.

"काय गं पोरी?"

सगळे तिच्याकडे बघत होते. साहेब बघत होते. बाप बघत होता, आणि त्या बघण्यात धमकी नव्हती, विनवणी होती. बापाने आपल्याला असं विनवलेलं तिने कधी पाहिलं नव्हतं.

"काही नाही," ती म्हणाली. "मस्सर सैल झालाय तुमचा."

"मग नीट कर की."

तिने उठून नीट केला.

बखीत उभा राहिला. त्याने पाहिलेलं त्याला अजून दिसत होतं: उघडा कडा, वारा, उंट, कबर एकही नाही. पण लुवैतींनी असं सांगितल्यावर आपल्या डोळ्यांची काय किंमत? मीच चुकलो असेन. उंट त्या टोकाला चरत असतील, मी या टोकाला झोपलो असेन. त्याला शरम वाटली, ऐंशी वर्षांच्या पुढच्या माणसाला त्याच्या आईवरून शपथ घ्यायला लावल्याची. तो काकांजवळ गेला, गुडघ्यांवर बसला, त्यांच्या कपाळाचं आणि नाकाचं चुंबन घेतलं.

"माझी जीभ जळो, काका. माफ करा."

"जा रे, जीभ जाळलीस तर घरात कटकट कोण करेल? जेवून जा."

मग बखीत मुबारककडे वळला. भरल्या तंबूत त्याने मुबारकचा हात हातात घेतला. "तुझीही माफी मागतो. पोरांच्या काळजीने डोकं फिरलं होतं. त्यांचं बघू, दुकमला पाठवीन, तिथे बंदरात काही मिळेल."

"हो," मुबारक म्हणाला. आणखी काहीतरी बोलायला हवं होतं म्हणून तो म्हणाला, "मी पण ओळखीच्या एकाला सांगतो."

"अल्ला तुझं भलं करो," बखीत म्हणाला, अगदी मनापासून.

*

भात आणि बोकडाचं मटण झालं. साहेबांनी लुवैतींच्या समोरचा चांगला तुकडा परत लुवैतींच्याच पुढे सरकवला, लुवैतींनी तो परत साहेबांपुढे. हसणं, वाद, पुन्हा कॉफी. निघताना मुहन्ना साहेब समहाला म्हणाले, "तुझे आजोबा म्हणजे सोनं आहे. नुकसान झालं आपलं, पण मला वाईट वाटत नाही. असं कुणी सांगितलं की बरं वाटतं." समहा हो म्हणाली. गाडीत बसण्याआधी तिने आत्याच्या हातावर ओठ टेकले, आजोबांच्या कपाळावर टेकले. बाप गाडीच्या दाराशी उभा होता. तिने त्याच्या पलीकडच्या बाजूने चढून दार लावून घेतलं. आधी आरसा, मग पट्टा, मग ओळखपत्र, सगळं नीट केलं. बापाला हात केला नाही.

मुबारकने गाड्या दिसेनाशा होईपर्यंत पाहिलं. मागे गय्या भांडी आदळत होती.

"झालं तुझ्या मनासारखं," ती म्हणाली.

"टँकरही गेले, गय्या. ऐकलंस ना?"

"ऐकलं. बरं झालं. निदान त्या पैशाची भाकरी तरी खावी लागणार नाही." ती थांबली. "मी पाणी घातलं त्यांच्या हातावर. माझ्या हाताने. तुला काय बोलू?"

"मुबारक!" आतून हाक आली. "कुठे गेलास? इकडे ये."

तो गेला आणि सवयीने डाव्या बाजूला बसला. लुवैती थकले होते. मस्सर काढून मांडीवर ठेवला होता, टक्कल घामाने चमकत होतं. इतके लहान ते कधी दिसले नव्हते.

"इकडे नाही. समोर बस." म्हाताऱ्याने हात पुढे करून त्याचा गुडघा शोधला. "आज माझ्यामुळे तुझं कंत्राट बुडालं. साहेब बोलले ते मी ऐकलं. तू एक शब्द बोलला नाहीस. दुसऱ्या कुणाचा पोरगा असता तर म्हणाला असता, मेलेल्या म्हातारीसाठी जिवंत माणसांचं पोट मारता का? तू नाही म्हणालास."

"बाबा, राहू दे ते."

"नाही, ऐक. मला लोक हसायचे. तुला ठाऊक नाही किती हसायचे. मी कधी कुणाला सांगितलं नाही, पण मला स्वतःची लाज वाटायची रे. जन्मभर. आईला टाकून आलेला पोर. तू ती लाज काढलीस." त्यांनी श्वास घेतला. "आता माझं एक काम कर. मी गेलो की मला खाली हैमाच्या कबरस्तानात नेऊ नका. वर न्या. तिच्या शेजारी, जवळ. हात पुरेल इतक्या जवळ. आहे ना जागा?"

भांड्यांचा आवाज थांबला होता. गय्या दाराशी उभी राहून ऐकत होती. मुबारकने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. काहीतरी मदत मिळेल असं त्याला वाटलं. ती दारातून हलली नाही.

"बोल की. जागा आहे ना?"

"आहे, बाबा."

"बस." म्हाताऱ्याचा चेहरा सैल झाला. त्याने मुबारकचा उजवा हात चाचपत धरला, दोन्ही हातांत घेतला, तोंडाजवळ नेला आणि त्याचं चुंबन घेतलं. आमच्याकडे मोठ्या माणसाने असं केलं तर लहानाने हात झटकन मागे ओढून घ्यायचा असतो, छे छे, हे काय, असं म्हणायचं असतं. मुबारकला ते ठाऊक होतं. त्याने हात ओढून बघितला, पण म्हाताऱ्याने घट्ट धरला होता, आणि जोर करायची त्याला हिंमत झाली नाही.